दहाव्या क्रमांकावरून सलामीला

सेलूत टेनिस बॉलच्या सामन्यांमध्ये फलंदाजीचा क्रम बहुतेकदा मानावर ठरतो. आधी कप्तान, मग ज्याची बॅट तो, मग वयानं मोठे. धाकट्याच्या वाट्याला शेवटची दोन षटकं, तीही उरली तर. कुणाचा हात कुठे चालतो हे पाहायचं राहूनच जातं, याची मला खंत वाटते. आपल्या क्रिकेटला कितीतरी मोठे फलंदाज मिळाले ते त्यांची जागा बदलल्यामुळे.

होळकर संघाचे चंदू सरवटे घ्या. मे 1946 मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध भारताचे नऊ गडी 205 धावांत बाद झाले होते. दहाव्या क्रमांकाचे सरवटे आणि अकराव्या क्रमांकाचे शुटे बॅनर्जी यांनी शेवटच्या जोडीसाठी 249 धावा केल्या. सरवटे नाबाद 124, बॅनर्जी 121. दोनच वर्षांत, जानेवारी 1948 मध्ये, हेच सरवटे मेलबर्न कसोटीत विनू मांकड यांच्यासोबत सलामीला उतरले आणि दोघांनी 124 धावांची भागी केली.

रवी शास्त्री फेब्रुवारी 1981 मध्ये वेलिंग्टनला पहिली कसोटी खेळले तेव्हा डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून, फलंदाजीला दहावे. फटके मोजके, पण संयम दांडगा. असा माणूस नव्या चेंडूसमोर उभा करावा हे कुणाला तरी सुचलं, आणि 1983 च्या सुरुवातीला कराचीत त्यांनी सलामीला येऊन 128 काढल्या. जानेवारी 1992 मध्ये सिडनीला 206.

सलामीवीर गावसकरांचं उलट. डिसेंबर 1983 मध्ये मद्रासला त्यांनी चौथ्या क्रमांकावर यायचं ठरवलं. मार्शलनं गायकवाड आणि वेंगसरकर दोघांनाही शून्यावर परतवलं, धावफलकावर शून्यच, म्हणजे गावसकरांना नवाच चेंडू खेळावा लागला. झाले नाबाद 236, आणि ब्रॅडमन यांचा 29 शतकांचा विक्रम मागे पडला.

बेसबॉलमध्ये नऊ फलंदाजांचा क्रम सामन्याआधीच लिहून द्यावा लागतो आणि तोच फिरत राहतो. म्हणून तिथे आधी बेस गाठणारे, मग त्यांना घरी आणणारे दणकट हात, असा विचार आधीच करून ठेवतात. आपल्याकडे गडी बाद होईपर्यंत कप्तानाला मोकळीक आहे. ती वापरायला मात्र धाडस लागतं. मार्च 2001 मध्ये कोलकात्याला फॉलोऑननंतर लक्ष्मणला तिसऱ्या आणि द्रविडला सहाव्या क्रमांकावर पाठवलं नसतं, तर 281 आणि 180 कुठून आल्या असत्या?

माझ्या लेखी सगळ्यांत मोठा बदल 27 मार्च 1994 चा. ऑकलंडला सिद्धूची मान आखडली. सचिननं सलामीची संधी मागितली, अझरुद्दीन आणि अजित वाडेकर यांनी ती दिली. 49 चेंडूंत 82. तोवर एकदिवसीय सामन्यांत त्याचं एकही शतक नव्हतं. पुढे झालेल्या 49 शतकांपैकी 45 सलामीलाच आली. पुढे 2013 मध्ये रोहित शर्माला मधल्या फळीतून वर आणलं आणि त्यानं तीन द्विशतकं ठोकली.

अगदी अलीकडचं म्हणजे 30 ऑक्टोबर 2025, नवी मुंबई, महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी. समोर ऑस्ट्रेलिया, लक्ष्य 339. त्याच स्पर्धेत संघाबाहेर बसावं लागलेल्या मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला तिसऱ्या क्रमांकावर जायचंय हे मैदानात उतरण्याच्या जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं. तिनं नाबाद 127 केल्या आणि भारत अंतिम फेरीत गेला.