दीड फुटाचा वाघ, स्वस्तात!

ऑफिसच्या आउटिंगचे टी-शर्ट आले की आपण काय बघतो? साइझ. मग रंग. मग बॉसच्या पोटावर तो कसा दिसतोय ते! पण पाठीवरचं ते भलंमोठं चित्र छापलं कसं, हा प्रश्न निदान मला तरी कधी पडला नव्हता. तो पडला नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीत, मावसभावाच्या ओट्यावर.

हा पठ्ठ्या घरातच स्क्रीन प्रिंटिंग करतो. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, मंडळाचे टी-शर्ट. यंदा क्रिकेट टीमची चाळीस टी-शर्टची ऑर्डर आली. पाठीवर वाघ हवा, चौदा बाय अठरा इंचांचा. त्याच्यासाठी सीझनमधलं सगळ्यात मोठं काम. अडचण एकच. एवढ्या मोठ्या चित्राची फिल्म शहरातून काढून आणायची, तर फिल्मचा खर्च आणि जाण्या-येण्याचं भाडं यातच नफा संपणार. आणि काम नाही म्हटलं, की ऑर्डर कायमची शहरातल्या दुकानात.

आधी थोडं सायन्स. लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीदार कापडाला इमल्शन लावतात. त्यावर काळं चित्र असलेली पारदर्शक फिल्म ठेवून उजेड दाखवतात. जिथे उजेड लागतो तिथे इमल्शन कडक होतं. काळ्याखालचं कच्चं राहतं आणि पाण्याने धुऊन जातं. झालं तुमचं स्टेन्सिल. त्या मोकळ्या जागेतून शाई कापडावर उतरते. थोडक्यात, उजेडाला फिल्मची किंमत कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की काळं खरंच काळं आहे का!

आमचं पहिलं काळं तसं नव्हतं. चार ए-फोर ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंट काढले, टेपने जोडले, उन्हात ठेवले. धुवायला घेतलं तर काहीच सुटेना. भाऊ जाळी घासत म्हणाला, "ताई, वाघ निघतच नाहीये!" प्रिंट डोळ्यांना काळा दिसत होता, पण उन्हाला आरपार होता. खिडकीसमोर धरला असता तर आधीच कळलं असतं. शिवाय एक जोड बरोब्बर वाघाच्या डोळ्यावर आला होता.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी जाऊन ए-थ्री प्रिंट काढले. ए-थ्री म्हणजे साधारण पावणेबारा बाय साडेसोळा इंच. दोन आडवे कागद एकाखाली एक ठेवले की आमचा वाघ आरामात मावतो. चाराऐवजी दोनच तुकडे, म्हणजे जोडही एकच. तो मान आणि नावाच्या पट्टीमधल्या रिकाम्या जागेत आणला. प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती काढून, कोपऱ्यातल्या फुल्या जुळवून, एकावर एक चिकटवल्या. दोन थर म्हणजे दुप्पट काळं. यावेळी पाण्याखाली आधी पट्टे दिसले, मग कान, मग डोळे. भाऊ काहीच बोलला नाही. फक्त घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावून आणलं!

याहून मोठं, तीन-चार फुटांचं काम असेल तर? उत्तर तालुक्याच्या स्टँडजवळच मिळेल. रेडियमवाला मशीनवर काळं व्हिनाइल कापून देतो. ते पारदर्शक प्लॅस्टिकवर चिकटवा. उजेड अजिबात आरपार जात नाही आणि जोडाची भानगड नाही. मात्र हे ठसठशीत अक्षरांसाठी, बारीक रेषांसाठी नको. शहरात असाल तर आर्किटेक्ट मंडळी जिथे प्लॉटरवर नकाशे काढतात तिथे जा. मोठ्या आकाराचा ट्रेसिंग एका तुकड्यात निघतो. काळं पुरेसं गडद आहे ना, एवढं तिथेही तपासा.

हा काही गरिबाचा जुगाड नाही बरं का! अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये मॅरिलिन मन्रोचे चेहरे याच तंत्राने छापले आणि गॅलऱ्यांमध्ये पोहोचवले. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी कलाशाळेचा ताबा घेऊन रातोरात पोस्टर छापली, तीही स्क्रीनवरच. कमी पैसा, मोठं चित्र, घाई, हे सगळीकडे सारखंच.

चाळीस टी-शर्ट वेळेत गेले. एक आता माझ्याकडे आहे. शुक्रवारी तो घालून ऑफिसला गेले, तर एकाने विचारलं, "कुठल्या ब्रँडचा?" मी म्हटलं, "कळसाडी."

करून बघायचंय?

• चित्राचे तुकडे पाडायला पोस्टरेझर हे फुकट सॉफ्टवेअर आहे. ॲक्रोबॅट रीडरच्या प्रिंटमध्येही 'पोस्टर' हा पर्याय असतो. तुकडे एकमेकांवर थोडे चढतील असे ठेवा.

• लेझर प्रिंटरच्या उष्णतेने ट्रेसिंग पेपर किंचित आकसतो. म्हणून सगळे तुकडे एकाच मशीनवर, एकाच दिशेने कागद घालून काढा.

• छापलेली बाजू इमल्शनला चिकटून हवी. वरून काच आणि वजन ठेवा. मध्ये फट राहिली तर कडा फुसक्या येतात.

• ऊन रोज बदलतं. आधी छोट्या तुकड्यावर पुठ्ठा दर अर्ध्या मिनिटाला सरकवत टेस्ट घ्या. ट्रेसिंगला फिल्मपेक्षा जास्त वेळ लागतो.

• जोडाची रेघ उमटलीच तर ब्रशने थोडं इमल्शन लावून बुजवा आणि पुन्हा उन्हात धरा.

• इमल्शनमधलं बायक्रोमेट विषारी असतं, त्याने कॅन्सरचाही धोका असतो. शक्यतो डायझो घ्या. हातमोजे हवेतच, आणि धुतलेलं पाणी विहिरीजवळ किंवा शेतात सोडू नका.