किल्लीनंतर ५७ वर्षांनी दिसलेले कुलूप

क्षयरोगावर गुणकारी ठरलेले पहिले प्रतिजैविक म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी १९४३ मध्ये ते मातीतल्या एका जिवाणूपासून मिळवले. या इंजेक्शनांनी असंख्य रुग्णांचे प्राण वाचले. हे औषध जंतूच्या रायबोसोमवर घाव घालते, हेही पुढे प्रयोगांतून कळले. मात्र तिथे ते नेमके कुठे बसते आणि कोणत्या अणूंना धरते, हे पाहायला मिळाले २००० साली. किल्ली हाती आल्यावर कुलूप दिसायला ५७ वर्षे लागली.

रायबोसोम हा पेशीतला प्रथिने बनवणारा कारखाना. जनुकांकडून आलेला निरोप वाचत तो एकेक अमिनो आम्ल जोडत जातो. हे काम थांबले किंवा निरोप चुकीचा वाचला जाऊ लागला की जंतू तग धरू शकत नाही. माणसाच्या पेशींतही रायबोसोम असतात, पण त्यांची घडण थोडी निराळी असते. कित्येक प्रतिजैविके जंतूला मारतात आणि रुग्णाला सोडून देतात, ती या फरकामुळेच.

हा फरक अणूंच्या पातळीवरचा आहे. साध्या प्रकाशाची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराच्या काही हजार पट असते, त्यामुळे नेहमीच्या सूक्ष्मदर्शकातून अणू दिसत नाहीत. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र या अंतराएवढीच असते. म्हणून शास्त्रज्ञ आधी प्रथिनाचे स्फटिक बनवतात. स्फटिकात असंख्य रेणू कवायतीसारखे ओळीने उभे असतात. त्यावर क्ष-किरण सोडले की ते विखुरतात आणि समोरच्या शोधकावर ठिपक्यांची नक्षी उमटते. ठिपक्यांच्या जागा आणि त्यांची तीव्रता यांवरून गणिताने रेणूचा नकाशा काढतात. काम सोपे नव्हे. डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाची अशी छायाचित्रे १९३०च्या दशकात घेतली होती. पूर्ण रचना उलगडली १९६९ मध्ये.

जिवाणूचा रायबोसोम इन्सुलिनच्या शेकडो पट मोठा. त्यात आरएनएच्या लांब साखळ्या आणि पन्नासहून अधिक प्रथिने असतात. त्याच्या स्फटिकांतून येणारे ठिपके इतके फिके, की प्रयोगशाळेतले साधे क्ष-किरण यंत्र अपुरे पडते. तिथे सिंक्रोट्रॉन लागतो. या यंत्रात निर्वात नळीच्या मोठ्या कड्यातून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. चुंबकांनी त्यांना वळवले की प्रत्येक वळणावर ते अतिशय प्रखर किरण बाहेर टाकतात. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील कड्याचा परीघ ८४४ मीटर आहे.

हीच प्रखरता अडचणीचीही ठरली. इस्रायलच्या अदा योनाथ यांनी १९८०च्या सुमारास रायबोसोमचे स्फटिक मिळवले होते, पण किरण पडताच ते झटपट खराब होत. तेव्हा स्फटिक सुमारे उणे १८० अंश सेल्सिअसपर्यंत गोठवून मोजमाप घेण्याची पद्धत पुढे आली. आज ती जगभर रूढ आहे.

२००० साली रायबोसोमच्या दोन्ही भागांचे नकाशे हाती आले. मोठ्या भागाचा नकाशा थॉमस स्टाइट्झ यांच्या गटाने काढला. लहान भागाचा योनाथ आणि वेंकटरमण रामकृष्णन यांच्या गटांनी. या तिघांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. रामकृष्णन यांचा जन्म चिदंबरमचा आणि पदवीपर्यंतचे शिक्षण बडोद्याचे. त्यांच्याच गटाने स्ट्रेप्टोमायसिन लहान भागात बसलेले दाखवले. आरएनएला अनेक ठिकाणी आणि ‘एस १२’ नावाच्या प्रथिनाला ते घट्ट धरून ठेवते. त्यामुळे रायबोसोम चुकीचे अमिनो आम्लही बरोबर समजून स्वीकारतो.

या नकाशाने आणखी एक कोडे सुटले. स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणाऱ्या क्षयजंतूंमध्ये अनेकदा याच ‘एस १२’च्या जनुकात बदल आढळतो. औषध जिथे पकडते तिथलेच काही अणू बदलून जंतू निसटतो. कुलपाचा एक दात बदलला की जुनी किल्ली फिरत नाही.

भारतातही अशी सोय आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील ‘इंडस-२’ या सिंक्रोट्रॉनवर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रथिनांच्या स्फटिकांसाठी स्वतंत्र किरणमार्ग उभारला आहे. आता स्फटिकाविना काम भागवणारी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची पद्धतही सोबतीला आली आहे.

तरीही कुलूप दिसले म्हणजे किल्ली तयार झाली, असे नाही. नकाशापासून गोळीपर्यंतचा रस्ता अनेक वर्षांचा असतो आणि जंतू तोवर थांबत नाहीत. म्हणून हाताशी असलेल्या किल्ल्या जपायला हव्यात. क्षयरोगाचे औषध मध्येच सोडणे किंवा साध्या सर्दीसाठी मनानेच प्रतिजैविक घेणे म्हणजे जंतूंना कुलूप बदलण्याची संधी देणे.