जन्मतः दिसलं म्हणजे घराण्यातलं नव्हे

बाळाचा ओठ दुभंगलेला निघाला की घरात दोन चौकशा सुरू होतात. ग्रहणात सुनेने काही चिरलं-कापलं होतं का, ही पहिली. तिच्या माहेरी असं कुणाला होतं का, ही दुसरी. पहिलीला अंधश्रद्धा म्हणून आपण निकालात काढतो. दुसरी मात्र शास्त्रीय वाटते, कारण तिच्या पाठीशी ‘आनुवंशिक’ हा पाठ्यपुस्तकातला भारदस्त शब्द असतो. जन्मजात, जनुकीय आणि आनुवंशिक हे तीन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो आणि गफलत तिथेच होते. जन्मजात म्हणजे जन्माच्या वेळी असलेलं. ते का झालं, याबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही. जनुकीय म्हणजे जनुकांत किंवा गुणसूत्रांत बिघाड असलेलं. आणि आनुवंशिक म्हणजे तो बिघाड आई-वडिलांकडून आलेला. वेळ, कारण आणि वाट असे हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एकाचं उत्तर मिळालं म्हणून उरलेल्या दोहोंचं मिळत नाही.

सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांना 1941 मध्ये तान्ह्या बाळांत मोतीबिंदूचे रुग्ण नेहमीपेक्षा फार जास्त दिसले. तान्ह्या मुलांना मोतीबिंदू म्हटल्यावर घराण्याचा दोष हा तर्क सोपा होता. ग्रेग यांनी आयांना गरोदरपणाबद्दल विचारलं, तेव्हा बहुतेकींना सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला होऊन गेल्याचं कळलं. दोष जन्मजात होता, पण आला होता विषाणूमुळे. म्हणूनच त्यावर लस निघू शकली. भारतात 2017 पासून गोवर-रुबेलाची एकत्र लस मुलांना दिली जाते. थॅलिडोमाइडची कथाही याच जातीची. पश्चिम जर्मनीत 1957 मध्ये बाजारात आलेलं हे औषध गरोदरपणातल्या मळमळीवरही घेतलं जाई. 1961 अखेर ते तिथे मागे घेतलं गेलं, पण त्यामुळे जगभरात सुमारे 10,000 मुलं हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली. या औषधाने गर्भाची वाढ बिघडवली, जनुकांना धक्का लावला नाही.

याच्या अगदी उलट सिकलसेल. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार ठाऊक नाही असं गाव विरळा. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. हा बदल आई आणि वडील दोघांकडून आला तरच सिकलसेल अ‍ॅनिमिया होतो. दोघंही वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत बाळगणारे, असतील, तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक. तरीही बाळ जन्मतं ते चांगलं गुटगुटीत, कारण गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पहिले काही महिने त्याला सांभाळून घेतं. ते ओसरलं की हातापायांची सूज, वेदना, रक्तक्षय सुरू होतो. ‘जन्मला तेव्हा धडधाकट होता, मग हा आजार रक्तातला कसा?’ या शंकेत वेळ जातो, आणि मग नजर लागली इथपासून औषध बाधलं इथपर्यंत सगळे तर्क होतात. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात तर लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीनंतर दिसतात, जनुक मात्र गर्भधारणेपासून सोबत असतं.

सर्वांत कमी ओळखीचा प्रकार म्हणजे जनुकीय, पण आई-वडिलांत नसलेला. ठेंगणेपणाच्या अकॉन्ड्रोप्लासिया या प्रकारातली सुमारे 80 टक्के मुलं सर्वसाधारण उंचीच्या आई-वडिलांची असतात. तिथे जनुकातला बदल नव्याने घडतो, आणि तो जवळजवळ नेहमी वडिलांच्या शुक्रपेशीत. वडिलांचं वय वाढतं तशी त्याची शक्यताही वाढते. सुनेच्या माहेरची वंशावळ उकरणाऱ्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही. कर्करोगही पेशींच्या जनुकांतल्या बिघाडातूनच होतो, तरी वारशाने आलेल्या दोषाचा त्यात मोठा वाटा असलेले रुग्ण 5 ते 10 टक्केच.

यावर एक आक्षेप रास्त आहे. निसर्ग अशा काटेकोर कप्प्यांत वागत नाही. दुभंगलेल्या ओठाचंच पाहा: त्यात अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असू शकतो, तसा गरोदरपणातल्या धूम्रपानाचा आणि काही औषधांचाही. मग कप्पे पाडायचे कशाला? कारणं मिसळलेली असतात म्हणूनच. ‘आनुवंशिक’ म्हणून हात झटकले, की टाळता येण्याजोग्या कारणांची चौकशीच थांबते. दुसरा आक्षेप नशिबाचा: जनुकातच असेल तर इलाज काय? फिनाइलकीटोन्युरिया या आनुवंशिक विकारात जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन निदान झालं आणि लगेच आहार बदलला, तर मेंदूची मोठी हानी टळते. तिसरा आपल्याकडचा खास आक्षेप: ‘आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या मामाची मुलगी करतात, कुणाला काही झालं नाही.’ वाहकाला सहसा काहीच होत नसतं. सदोष जनुक कित्येक पिढ्या गुपचूप चालत येतं आणि दोन वाहक एकत्र आले तरच एखाद्या मुलात उघड होतं. नात्यातल्या लग्नात तसे दोघं एकत्र येण्याची शक्यता वाढते.

हे बारकावे डॉक्टरांनी पाहावेत, घरच्यांना काय करायचं, असंही म्हटलं जातं. पण दुसरं मूल होऊ द्यायचं की नाही, नणंदेचं लग्न जमवताना हे सांगायचं की लपवायचं, हे निर्णय घरातच होतात. डाउन सिंड्रोमचं उदाहरण घ्या. एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत हे त्याचं कारण 1959 मध्ये समजलं. सुमारे 95 टक्के मुलांत ती जादा प्रत सुटी असते. आई किंवा वडिलांत पेशी विभागताना झालेली ती चूक असते आणि आत्या-मावश्यांना त्याची धास्ती बाळगण्याचं कारण नसतं. थोड्या मुलांत मात्र ती दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेली असते, आणि त्यांतल्या काहींना ही जोडणी निरोगी दिसणाऱ्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेली असते. अशा वेळी त्या आईच्या किंवा वडिलांच्या भावंडांनीही तपासून घ्यावं लागतं. यातलं आपल्या घरी कोणतं, हे बाळाच्या रक्तातल्या गुणसूत्रांच्या तपासणीत दिसतं.