भोरचा मोर

कामथडीतून जाणाऱ्या पुणे-सातारा महामार्गावरच्या पाट्यांनी गेल्या पंचवीस वर्षांत दोनदा कात टाकली. आधी पत्र्यावर ऑइल पेंट, मग फ्लेक्स, आता एसीपीच्या (अ‍ॅल्युमिनियम कॉम्पोझिट) पाटीवर चिकटवलेली अ‍ॅक्रिलिकची उठावदार अक्षरं. फ्लेक्सनं ब्रशवाल्यांचं पोट मारलं, या अक्षरांनी आमच्यातल्या काहींच्या हातात पुन्हा रंग दिला. फक्त ब्रशऐवजी स्प्रेगन आली.

गन हातात आली म्हणजे काम सोपं, असं मला वाटलं होतं. पहिल्याच ऑर्डरीला मी एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचा कडक थिनर हात ढिला सोडून घातला आणि अक्षरांच्या कडांवर केसासारख्या चिरा उमटल्या. लेझरनं कापलेल्या कडेत ताण राहतो, तिथेच थिनर चावतो. तेव्हापासून कापलेल्या तुकड्यावर आधी चाचणी.

बाकी सगळं सबुरीचं काम. कडा 400 नंबरच्या वॉटर पेपरनं घासायच्या. वरची फिल्म सोलली की प्लास्टिक धूळ ओढतं, आणि 2010 पासून सहापदरीकरणाची धूळ इथे कमी नव्हती. म्हणून ओलसर कापड फिरवायचं. गन आठ-दहा इंचांवर. आधी कडा, मग तोंड. पहिला हात धुक्यासारखा, खालचं प्लास्टिक दिसत असतानाच थांबायचं.

खरी परीक्षा मराठीनं घेतली. इंग्रजी अक्षरं सुटी; एक बिघडलं तर तेवढंच बदला. आपला शब्द शिरोरेषेनं बांधलेला. तो अखंड कापला की एक ओघळ साऱ्या शब्दाला भोवतो. 2022 मध्ये लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, देवनागरी इतर लिपीपेक्षा लहान नको असंही ठरलं. 25 सप्टेंबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि एकच झुंबड उडाली. हवेत दमटपणा, त्यात एनसी रंग पांढरट पडायचा. तरी ‘उद्या द्या’.

त्याच घाईत मी एका पाटीवरच्या ‘भोर’ शब्दावर एक हात जाड मारला. ‘भ’च्या डोक्यावर शिरोरेषेत फट असते, दोन इंची अक्षरात ती जेमतेम दीड मिलिमीटर. ती बुजली. भोरचा मोर झाला, आणि तो आधी गिऱ्हाइकालाच दिसला.

पाटी फुकट करून दिली. आता घाई करणाऱ्याला आठ दिवस सांगतो, पावसाळ्यात बारा.