इमारतीची दुसरी उमर

आपण रोज वापरतो तो 'इमारत' हा शब्द मूळचा अरबी. ज्या धातूपासून तो झाला, त्याचा अर्थ नुसता 'बांधणं' असा नाही. 'वस्ती करणं, जागा नांदती ठेवणं' असाही आहे. त्याच धातूपासून आयुष्य या अर्थाचा 'उम्र' हा शब्द आला आणि आपल्याकडे तो 'उमर' झाला. म्हणजे भाषेनं फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे, की इमारतीची उमर दगड-चुन्यावर ठरत नाही; तिच्यात माणसं नांदतात तोवर ती जगते.

ही केवळ कवीची कल्पना नव्हे, साधा व्यवहार आहे. नांदत्या घरात कौल सरकलं तर रात्री गळतीखाली भांडं ठेवलं जातं आणि सकाळी कौल नीट बसवलं जातं. ओस वास्तूत तेच कौल वर्षभर तसंच राहतं. पाणी वाशात मुरतं, वासा कुजतो, एक दिवस छप्पर बसतं. पन्हळ तुंबते, भिंतीच्या फटीत पिंपळ रुजतो आणि त्याची मुळं दगड सरकवू लागतात. म्हणून जुनी वास्तू कुलूप लावून जपता येत नाही. तिला काम द्यावं लागतं. वास्तू तीच, पण तिचं काम आजचं, अशा जतनाला आपण पुनर्वापर म्हणू. आता प्रश्न असा, की काम कोणतं द्यायचं? नाटक, संगीत, चित्रकला यांच्यासाठी दिलेल्या तीन वास्तू पाहू.

पहिली मुंबईची रॉयल ऑपेरा हाउस. चर्नी रोडजवळच्या या नाट्यगृहाचं उद्घाटन १९११ साली पाचव्या जॉर्ज बादशहाच्या हस्ते झालं. पुढे नाटकं मागे पडली, सिनेमा आला, आणि १९९३ मध्ये दारं बंद झाली. आभा नारायण लांबा या वास्तुविशारद बाईंच्या देखरेखीखाली दुरुस्ती होऊन ती ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडली. तब्बल तेवीस वर्षं रंगमंच अंधारात होता. पण इथलं कोडं त्यातल्या त्यात सोपं होतं. नाट्यगृह पुन्हा नाट्यगृहच व्हायचं होतं.

दुसरी वास्तू फोर्टातली, सर कावसजी जहांगीर सभागृहाची. हीसुद्धा १९११ चीच. 'गेटवे ऑफ इंडिया'चा आराखडा करणारे जॉर्ज विटेट हेच हिचेही वास्तुविशारद. एके काळी इथे मोठ्या सभा आणि मैफली होत. शहरात नवी सभागृहं झाली तसा हिचा मान उतरला. मग मुष्टियुद्धाचे सामने, लग्नाचे स्वागतसमारंभ, चामड्याच्या वस्तूंचे सेल, असं जे मिळेल ते काम ती करू लागली. हिचं कलादालन व्हावं म्हणून चित्रकार-शिल्पकारांनी आग्रह धरला. शिल्पकार पिलू पोचखानवाला त्यात पुढे होत्या. १९९६ मध्ये इथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं.

पण सभागृहाला मोकळी पोकळी लागते, तर चित्रांना भिंती लागतात. एका उंच दालनात एवढ्या भिंती आणायच्या कुठून? उत्तर असं निघालं, की बाहेरचं रूप तसंच ठेवून आत अर्धवर्तुळाकार सज्ज्यांचे मजले उभारायचे. आज पाहणारा जिन्याजिन्यानं वर चढत थेट घुमटाखाली पोचतो. त्या बदल्यात जुन्या सभागृहाचा एकसंध भव्यपणा मात्र गेला. पुनर्वापरात असा सौदा करावाच लागतो. प्रत्येक वेळी विचारावं लागतं, की काय द्यायचं आणि काय कधीच द्यायचं नाही. नवं बांधकाम शक्यतो असं असावं, की उद्या ते काढलं तरी जुन्या भिंतीला धक्का लागू नये.

तिसरं उदाहरण मला सर्वांत अवघड वाटतं. गोव्यात मांडवीच्या काठावर, पणजीच्या समोर, रेइश मागुशचा किल्ला आहे. पोर्तुगिजांनी तो १५५१ मध्ये बांधला. पुढे त्याचा तुरुंग झाला आणि १९९३ पर्यंत तो तुरुंगच होता. कैदी गेल्यावर किल्ला ओस पडला. नंतर 'इंटॅक' ही वारसा जपणारी संस्था, हेलन हॅम्लिन ट्रस्ट आणि गोवा सरकार यांनी मिळून तो सावरला. वास्तुविशारद होते जेरार्ड दा कुन्हा. २०१२ पासून तो लोकांसाठी खुला आहे. आत मारिओ मिरांडा यांची चित्रं आहेत आणि गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांची ओळखही आहे. पलीकडच्या आग्वादच्या तुरुंगाचंही डिसेंबर २०२१ मध्ये संग्रहालय झालं. डॉ. राममनोहर लोहियांना १९४६ मध्ये ठेवलं होतं, तो हाच तुरुंग.

अवघड अशासाठी, की तुरुंग डागडुजीनंतर फार सुंदर दिसतो. जांभा दगड, खाली नदी, वर निळं आभाळ. माणूस फोटो काढतो आणि इथे कुणाच्या तरी रात्री सरत नव्हत्या हे विसरतो. वास्तूचं नवं काम तिच्या जुन्या कामापासून जितकं दूर, तितकी जुनी आठवण सांगण्याची जबाबदारी मोठी. स्वातंत्र्यसैनिकांची नावं आपण अभिमानानं लिहितो. त्याच कोठड्यांत साध्या गुन्ह्यांसाठी खितपत पडलेली माणसंही होती. भिंतीवर चार ओळी त्यांच्याही असाव्यात. तेच बंद गिरणीत कलादालन करताना. यंत्राचं एक चाक रंगवून दारात ठेवलं म्हणजे कामगाराचं ऋण फिटलं असं नाही. त्याच्या नातवंडांना आत सहज येता यायला हवं.

श्रोतेहो, हे सारं मोठ्या शहरांपुरतं नाही. आपल्याही गावात एखादी रिकामी कचेरी, बंद पडलेलं जिनिंग, पडका वाडा असतोच. कवितावाचनाला काय लागतं? पन्नास माणसं बसतील एवढी जागा, एक दिवा आणि न गळणारं छप्पर. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंसाठी नियम आहेत. छोट्या गावातली वास्तू वाचते ती बहुधा गावकऱ्यांच्या लक्षामुळेच.

सुरुवात चार प्रश्नांनी करावी. मालकी कुणाची? दरवर्षी छपराचा आणि विजेचा खर्च कोण करणार? आत कोण येणार, शेजारची वस्ती की फक्त पाहुणे? आणि वास्तूची जुनी गोष्ट कुठे सांगितली जाणार? उत्तरं मिळाली, की जाणत्या अभियंत्याकडून भिंती तपासून घ्याव्यात. मगच माणसं जमवावीत. दुरुस्ती चुन्यानं व्हावी. सिमेंटचा गिलावा जुन्या भिंतीतली ओल आतच कोंडतो आणि भिंत आतून खचते.

रंगरंगोटी, फलक, उद्घाटन या गोष्टी मागाहून झाल्या तरी चालतील. येत्या पावसाळ्याआधी पन्हळ मोकळी करणं आणि तो कोवळा पिंपळ मुळासकट काढणं, एवढं मात्र थांबू शकत नाही.