ऊन, ड जीवनसत्त्व आणि क्षयाचा जिवाणू

रायगडच्या किनाऱ्यावर उन्हाला तोटा नाही, तेव्हा ड जीवनसत्त्वाची उणीव येथे कोठून असणार, असा आपला समज असतो. भारतात अनेक ठिकाणी झालेल्या रक्ततपासण्या मात्र वेगळेच सांगतात. आपल्या देशात ही उणीव सर्रास आढळते. ड जीवनसत्त्व हाडांना लागते हे बहुतेकांना ठाऊक आहे. रोगजंतूंशी लढतानाही शरीर ते वापरते, हे तितकेसे ठाऊक नाही. क्षयरोगाच्या उदाहरणावरून ते समजून घेता येईल.

क्षयाचा जिवाणू रॉबर्ट कॉक यांनी १८८२ साली शोधला. श्वासावाटे तो फुप्फुसात शिरला की आपल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. इतर जिवाणू असे गिळले गेल्यावर बहुधा मरतात; हा मात्र त्या पेशीतच बिऱ्हाड करतो. त्याला मारण्यासाठी पेशीला विशेष तयारी करावी लागते. जिवाणूच्या आवरणावरून त्याची ओळख पटताच पेशी रक्तातील ड जीवनसत्त्व आत घेते, त्याचे कार्यक्षम रूप बनवते आणि त्याच्या साहाय्याने कॅथेलिसिडिन नावाचे जिवाणूनाशक प्रथिन तयार करते. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये मानवी पेशींवर हे दाखवून दिले. ड कमी असलेल्या रक्तद्रवात वाढवलेल्या पेशींना हे प्रथिन पुरेसे करता येईना. ड घातल्यावर येऊ लागले. शत्रू दारात आला आणि कोठारात दारूगोळा नाही, अशी ही अवस्था.

याच जीवनसत्त्वाचे दुसरे काम दाह आवरण्याचे. क्षयात फुप्फुसाची जी नासाडी होते ती केवळ जिवाणूमुळे नव्हे, तर आपल्याच पेशींच्या अतिरेकी माऱ्यामुळेही होते. कार्यक्षम ड हा मारा काहीसा आटोक्यात ठेवते.

मग ड ची गोळी घेतली की क्षय टळेल काय? तसे दिसत नाही. मंगोलियात साडेआठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर तीन वर्षे प्रयोग झाला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दर आठवड्याला ड देऊनही क्षयाचा संसर्ग कमी झाला नाही. याउलट झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ व सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयरुग्णांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता युरिया टाकून भात पिकत नाही, स्फुरद-पालाशही लागते. शरीराचेही तसेच आहे.

ड ची उणीव मात्र राहू देऊ नये. त्यासाठी सकाळचे कोवळे ऊन चांगले, असे आपण ऐकत आलो. ते अंगाला सुखावते खरे, पण कातडीत ड तयार करणारे अतिनील किरण त्यात फारच थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते त्या वेळचे ऊन उपयोगी. काचेआडून आलेल्या उन्हाचा लाभ होत नाही. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो. लावणी-कापणी करणाऱ्यांना किंवा दोरीवर बोंबील वाळत घालणाऱ्या भगिनींना हे ऊन आपसूक मिळते. घरात असणारे वृद्ध, बाळंतिणी व दुकानात बसणारे यांना ते मुद्दाम घ्यावे लागते. मे महिन्यात उष्माघाताचे भान ठेवावेच. पावसाळ्यात आभाळ भरलेले आणि मासेमारीही बंद, त्यामुळे दोन्ही वाटा अरुंद होतात. अशा वेळी अंड्यातील पिवळा बलक उपयोगी. एरवी बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे उत्तम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज ६०० युनिट ड लागते.

दुकानातून ६० हजार युनिटची पाकिटे आणून मनाने घेत राहणे मात्र धोक्याचे आहे. क्षयाच्या गाठींमधील भक्षक पेशी स्वतःच कार्यक्षम ड बनवतात. त्यात बाहेरून भर पडली तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो. ड म्हणजे क्षयाचे औषध नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजनात घट यांपैकी काही असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत रुग्णाला आहारासाठी पैसेही मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम दरमहा ५०० वरून १००० रुपये करण्यात आली. नोंदणीच्या वेळी बँक पासबुक सोबत न्यावे.