‘कॉन्कॉर्ड’ : एक इंग्रजी शब्द आणि त्याचे मराठी पर्याय



भाषांतराचा सराव करताना शब्दकोशात एका इंग्रजी शब्दापुढे अनेक मराठी शब्द ओळीने मांडलेले आढळतात. ते सर्व एकमेकांच्या जागी चालतील, असा समज सहज होतो. ‘कॉन्कॉर्ड’ हा शब्द हा समज दूर करण्यास उपयुक्त आहे. ऐक्य, सलोखा, करार, स्वरसंवाद, अन्वय असे त्याचे पर्याय संभवतात. त्यांतून निवड करताना पुढील प्रश्न विचारावा : हा मेळ कोणाकोणांमधील आहे, आणि तो कशाने बांधला गेला आहे?

व्युत्पत्ती

लॅटिनमध्ये ‘कॉन’ म्हणजे एकत्र आणि ‘कॉर’ म्हणजे हृदय. हृदये एकत्र येणे हा ‘कॉन्कॉर्ड’चा मूळ भाव होय. आपल्या ‘सौहार्द’ या शब्दातही ‘हृद्’ आहेच. याउलट ‘हार्मनी’ हा शब्द ग्रीक असून त्याचा मूळ अर्थ सांधा किंवा जोड असा आहे. एका शब्दात मने जुळतात, तर दुसऱ्यात भाग एकमेकांत बसतात. रोजच्या वापरात हा भेद पुसट झाला असला, तरी अर्थच्छटा समजण्यास तो साहाय्यक ठरतो.

१. माणसांमधील मेळ

‘ऐक्य’ म्हणजे एक होणे. ‘सलोखा’ या शब्दात मात्र दोन पक्ष वेगळे राहूनच गोडीने नांदतात. नांदेडसारख्या शहरात मराठी, उर्दू, तेलुगू आणि पंजाबी या भाषा कानांवर पडतात. तेथील दोन समाजांविषयीच्या मजकुरात ‘कॉन्कॉर्ड’साठी ‘ऐक्य’ लिहिल्यास, कोणी तरी आपले वेगळेपण सोडावे अशी अपेक्षा नकळत सूचित होते. ‘सलोखा’ तशी अट घालत नाही. ‘तडजोड’ म्हणजे दोघांनीही काही सोडून देणे. ‘समेट’ म्हणजे झालेले भांडण मिटणे.

हा भेद केवळ साहित्यातला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ‘सलोखा योजना’ सुरू केली. एकाची शेतजमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान १२ वर्षे असेल, तर अदलाबदलीच्या दस्तासाठी मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी शुल्क १,००० रुपये इतकेच आकारण्याची तरतूद तीत करण्यात आली. येथे योजनेच्या नावात ‘सलोखा’ आहे. परंतु मालकी बदलते ती नोंदविलेल्या दस्ताने. मने जुळली आणि कागद झाला नाही, तर वाद पुढच्या पिढीकडे जाऊ शकतो.

२. कागदावरील मेळ

‘कॉन्कॉर्ड’चा दुसरा अर्थ तह किंवा करार असा आहे. येथे मेळ शब्दांनी आणि स्वाक्षऱ्यांनी बांधलेला असतो. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारास इंग्रजीत ‘पॅक्ट’ म्हणतात. तथापि हा अर्थ समजण्यास तो आपल्या जवळचा दाखला आहे. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि तेव्हा हैदराबाद राज्यात असलेला मराठवाडा येथील नेत्यांनी तो केला. पुढे १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन उभे राहिले. करार झाला म्हणजे समाधान झाले असे नव्हे, हे त्यावरून लक्षात येते. म्हणून ‘करार’ आणि ‘सलोखा’ हे समानार्थी मानू नयेत.

३. स्वरांमधील मेळ

संगीतात ‘कॉन्कॉर्ड’ म्हणजे कानास गोड लागणारी स्वरांची जुळणी. आपल्याकडे यासाठी ‘संवाद’ ही जुनी संज्ञा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात वादी, संवादी, अनुवादी आणि विवादी असे स्वरांचे प्रकार सांगितले आहेत. षड्ज आणि पंचम यांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण २:३ असते. हा मेळ कोणी ठरवलेला नसून नादातच आहे. आज ‘संवाद’ म्हणजे संभाषण असा अर्थ रूढ असल्याने, येथे ‘स्वरसंवाद’ असे स्पष्ट लिहावे.

४. शब्दांमधील मेळ

व्याकरणात ‘कॉन्कॉर्ड’ म्हणजे लिंग, वचन व पुरुष यांनुसार पदांची जुळणी. मराठी व्याकरणात तिचा विचार प्रयोगाच्या प्रकरणात येतो. ‘मुलगा जातो, मुलगी जाते’ येथे क्रियापद कर्त्याशी जुळते. ‘रामाने आंबा खाल्ला, रामाने चिंच खाल्ली’ येथे कर्माशी. आणि ‘रामाने रावणास मारले’ या भावे प्रयोगात कोणाशीच जुळत नाही.

आता मराठवाड्यातील बोलीकडे पाहू. मराठी पुरुष ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणतो. प्रमाण हिंदी-उर्दूत ‘मैंने रोटी खाई’ असे होते. दखनी बोलणारा पुरुष मात्र ‘मैं रोटी खाया’ म्हणतो. पहिल्या दोन वाक्यांत क्रियापद खाद्याशी जुळते, तिसऱ्यात खाणाऱ्याशी. दखनी वाक्यास ‘अशुद्ध’ म्हणणे योग्य नाही. तेथेही मेळ आहे, केवळ त्याचा नियम निराळा आहे.

समारोप

माणसांमधील मेळ मनाने, करारातील कागदाने, स्वरांतील नादाने आणि वाक्यातील नियमाने बांधला जातो. हे बंधन ओळखले की योग्य मराठी शब्द निवडणे सोपे होते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘ऐक्य’, ‘सलोखा’ आणि ‘तडजोड’ यांतील अर्थभेद स्वतःच्या परिसरातील उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. आपल्या बोलीतील पाच वाक्ये लिहून त्यांतील क्रियापद कोणाशी जुळते, ते सांगा.